दोन कलमं आणि एक बाठा

जून जवळ आला की आमच्या भागातल्या रोपवाटिकांपुढे टेम्पो उभे राहायला लागतात. हापूसची कलमं, थोडी केसरची, काजूची वेंगुर्ला चार नि वेंगुर्ला सात, एखादं चिकूचं. पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी गाडीच्या डिकीत चार-चार कलमं घालून गावच्या घरी नेतात. चांगली गोष्ट आहे. पण नेमक्या याच दिवसांत घराघरातून पाटीभर बाठे, जांभळाच्या बिया, कोकमाच्या बिया उकिरड्यावर जातात आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. फणसाच्या आठळ्या निदान भाजून तरी खातात, बाठ्याला तेवढाही मान उरलेला नाही.

या बाठ्याच्या बाजूने आज थोडं बोलायचं आहे. मी शेतीतली तज्ज्ञ वगैरे नाही. संगमेश्वर तालुक्यात ३४ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, २००८ साली निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरामागच्या आगरात जे रुजेल ते रुजवत बसते. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे: दोन कलमं लावलीत तर तिसरं झाड बियांपासून लावा. आंब्याचं, फणसाचं, जांभळाचं, चिंचेचं, कसलंही. पण लावा. नाहीतर आपल्या पिढीने जे खाल्लं ते पुढच्या पिढीला फक्त नावाने माहीत राहील, आणि काही दिवसांनी नावानेही नाही.

आधीच सांगून ठेवते, मी कलमांच्या विरोधात नाही. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा आमच्याकडच्या उघड्या डोंगरउतारांवर लोकांनी खड्डे मारले, कलमं लावली, घागरी डोक्यावर घेऊन पाणी घातलं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांची पुढची शिक्षणं त्या हापूस-काजूच्या पैशांवर झाली. ज्याला बाजारात माल न्यायचा आहे, कर्ज फेडायचं आहे, त्याला कुठलं फळ कधी येणार आणि कसं येणार याची खात्री हवी. ती खात्री कलमच देतं.

पण कलम म्हणजे काय? मराठीत हा शब्द मोठा गमतीचा आहे. लेखणीलाही कलम म्हणतात आणि झाडाच्या कलमालाही. वर्गात मी दोन वह्या करून घेत असे, एक शुद्धलेखनाची आणि एक निबंधाची. शुद्धलेखनाच्या वहीत फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायचं. चांगल्या मुलाची वही आणि फळा यांत फरक दिसता कामा नये. झाडाचं कलम म्हणजे हे शुद्धलेखन. मूळ हापूसची काडी घ्यायची, दुसऱ्या रोपावर बांधायची, की पुन्हा तोच हापूस. देवगडपासून पालघरपर्यंत लाखो झाडं असली तरी ती सगळी एका झाडाची उतरवलेली प्रत. बी म्हणजे निबंध. विषय तोच, पण प्रत्येक पोर वेगळं लिहिणार. त्यातले बरेच निबंध सामान्य असतात, काही वाचवत नाहीत, आणि वर्षाकाठी एखादा असा येतो की बाईंनी तो शिक्षकखोलीत नेऊन सगळ्यांना वाचून दाखवावा.

‘खाण तशी माती’ ही म्हण आंब्याने खोटी ठरवलेली आहे. हापूसचा बाठा लावला तर हापूस येत नाही. आईचा मोहोर, पण पराग कुठल्या झाडावरून माशीने आणला ते कोण सांगणार? त्यामुळे पोटी येणारं झाड निराळंच निघतं. लोक हा बाठ्याचा दोष समजतात. मला वाटतं, सगळी मजाच तिथे आहे.

गंमत पुढेच आहे. आज कोकणात हापूसची कलमं तयार होतात ती बहुतेक कोय कलम पद्धतीने. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ही पद्धत लोकांपर्यंत नेली. बाठा मातीत रुजवायचा, पंधरा-वीस दिवसांचं तांबूस पानांचं कोवळं रोप झालं की त्याचा शेंडा कापायचा आणि तिथे हापूसची काडी बसवायची. हा खाली रुजवलेला बाठा कुणाचा? बहुतेक रायवळाचा. म्हणजे ज्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याच्या पेटीवर गावाचं नाव छापतात, तो उभा आहे रायवळाच्या पायांवर. रायवळ तोडून सगळीकडे कलमंच लावत गेलो तर उद्या कलमाखाली रुजवायला बाठे आणायचे कुठून?

आणखी एक. जगातला कुठलाही नावाजलेला आंबा घ्या, तो पहिल्यांदा बाठ्यातूनच आला आहे. कलम करायला आधी मूळ झाड लागतं आणि ते मूळ झाड कुणीतरी लावलेल्या, नाहीतर थुंकलेल्या बाठ्याचंच असतं. लखनौजवळ काकोरीच्या बाजूला दशहरी नावाचं गाव आहे. तिथला दशहरीचा जुना मूळ वृक्ष लोक अजून दाखवतात. सगळा उत्तर हिंदुस्थान ज्या दशहरीवर उन्हाळा काढतो, तो त्या एका झाडाचा वंश.

दुसरी गोष्ट त्याहून मला आवडते. १८८९ साली आपल्याकडून मुलगोबा आंब्याची कलमं अमेरिकेत फ्लोरिडाला गेली. तिथे मायामीजवळ कॅप्टन हेडन नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने १९०२ साली मुलगोबाच्या कोयी आपल्या बागेत लावल्या. पुढच्याच वर्षी ते गेले. रोपं त्यांच्या पत्नीने वाढवली आणि १९१० साली त्यातल्या एका झाडाला लालभडक, मोठं, सुरेख फळ आलं. तो ‘हेडन’ आंबा. मुलगोबाला परागाचा पिता तिथलाच कुठलासा गावठी आंबा मिळाला होता. पुढे हेडनच्या बाठ्यातून टॉमी ॲटकिन्स आला, ज्याला अमेरिकेतली आपली मराठी माणसं दुकानात उचलून बघतात आणि ‘याला काय आंबा म्हणायचं?’ असं म्हणून नाक मुरडतात! मुरडू देत. धाग्यांचा आहे, पण प्रवासाला टिकतो, आणि नात्याने तो आपल्या मुलगोबाचा नातू आहे. मला विचार येतो तो हेडन बाईंचा. लावणारा गेला म्हणून त्यांनी ती रोपं उपटून तिथे दुसरं काही लावलं असतं तर?

इतक्या लांब जायलाही नको. शेजारच्या कर्नाटकात, तुमकुरू जिल्ह्यातल्या चेळूर गावात एका शेतकऱ्याच्या वडिलांनी लावलेलं फणसाचं झाड होतं. गरे लालसर केशरी आणि चवीला उत्तम. बेंगळुरूच्या केंद्रीय फळ संशोधन संस्थेने ते हेरलं, २०१७ साली त्या शेतकऱ्याशी करार केला आणि त्या झाडाची कलमं करून विकायला सुरुवात झाली. लावणाऱ्या वडिलांच्या नावावरून त्या फणसाचं नाव पडलं ‘सिद्दू’. आपल्याकडे कापा आणि बरका असे दोनच प्रकार आपण मोजतो, पण ज्याने गावोगावचे फणस खाल्ले आहेत त्याला विचारा, एका झाडाचा गरा दुसऱ्यासारखा नसतो. आपल्या वाडीतही एखादा सिद्दू असेल. बघायला कोण गेलंय?

शास्त्रज्ञही शेवटी हेच करतात. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ साली ‘रत्ना’ आणला. त्यात हापूसचा साक्याचा दोष नाही. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली ‘सिंधू’ आणला, त्याची कोय अगदी पातळ. हे संकर म्हणजे काय? मोहोरावर पराग ठरवून टाकला, फळ धरलं, त्याचा बाठा रुजवला, वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि अनेक झाडांतून एक निवडलं. फरक एवढाच की तिथे आई-बाप दोघेही माहीत असतात.

आता कुणी म्हणेल, बाई, हे सगळं संशोधकांचं काम, आम्हाला काय त्याचं? तर तुम्हा-आम्हाला असं आहे. सगळी झाडं एकाच प्रतीची असली की त्यांची दुखणीही एकच असतात. अवकाळी पाऊस हापूसच्या मोहोरावर पडला की सगळ्यांचाच मोहोर एकदम जातो. गेल्या काही वर्षांत फुलकिड्यांनी बागायतदारांना रडवलं, तेव्हाही एकाची बाग वाचली नि दुसऱ्याची गेली असं फारसं झालं नाही. रायवळाचं तसं नसतं. कुणी लवकर मोहोरतो, कुणी उशिरा. कुणी एप्रिलात पडतो, कुणी मिरग लागल्यावर. एकाने दगा दिला तरी दुसरा देतो. आमच्या लहानपणी मे महिन्यात घरात आंबा नाही असं एकही वर्ष आठवत नाही, आणि आमच्याकडे तेव्हा हापूसचं एकही कलम नव्हतं.

आमच्या पाणंदीला तेव्हा चौदा रायवळ होते आणि चौदांना चौदा नावं होती. शेपूचा वास येणारा तो शेप्या, साखरेसारखा तो साखऱ्या, खोबऱ्यासारखा कच्चाच खायचा तो खोबऱ्या, व्हाळाजवळचा नुसताच व्हाळातला. लोणच्याला कुठला, मुरांब्याला कुठला, आंबोशीला कुठला हे सगळं ठरलेलं. सासूबाई कोयाडं करायच्या ते फक्त साखऱ्याचं. सासवाला बिटक्या हव्यात, चांगल्या आंबट-गोड, म्हणजे गूळ घातल्यावर चव लागते. हापूसचं कोयाडं करून बघा! नुसता गोड पाक होतो. आम्रखंडाला हापूस हवाच, तिथे रायवळाने जाऊ नये. पण आंबा म्हणजे काही फक्त आम्रखंड नव्हे.

आज त्या चौदांपैकी तीन उरले आहेत. काही वादळात पडले, काही म्हातारे होऊन गेले, त्याचं दुःख नाही. पाच मात्र वाटणीत गेले. सामायिक झाडाचे पैसे चार भावांत वाटता येतात, आंबे वाटताना भांडणं होतात. लाकडाचा व्यापारी येतो, झाडाला मिठी मारून घेर मोजतो आणि रोख रक्कम हातावर ठेवतो. मुंबईला राहणाऱ्याला तेच सोयीचं. पुढे त्याच लाकडाच्या फळ्या होतात, पेट्या होतात. रायवळ तोडून केलेल्या पेटीत हापूस बसून बाजारात जातो, हे चित्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी होताना कडेची किती जुनी झाडं गेली तेही सगळ्यांनी पाहिलं. जुनी झाडं जाणारच. मला खटकतं ते हे की गेलेल्या अकरांच्या जागी एकही नवीन रायवळ उभा राहिला नाही. पूर्वी कुणी मुद्दाम लावतही नव्हतं. आंबा खाल्ला, बाठा गडग्यापलीकडे फेकला, त्यातला एखादा रुजला, गुरांच्या तोंडून वाचला, झालं झाड. आता बाठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचरागाडीत जातो. रुजणार कुठून?

उत्तर कन्नड आणि शिमोग्याच्या बाजूला लोणच्याच्या आंब्याला ‘अप्पेमिडी’ म्हणतात. नदीकाठी, रानात आपोआप उगवलेली झाडं. तिथली माणसं एकेका झाडाचं लोणचं वेगळं घालतात, झाडाला नाव देतात, आणि चांगल्या झाडाची कलमं करून घराजवळ लावतात. बी आणि कलम यांचं भांडण त्यांनी लावलेलंच नाही. रानात बी रुजू द्यायचं, त्यातलं निवडायचं आणि निवडलेलं कलमाने राखायचं. मलाही हेच म्हणायचं आहे.

आता आक्षेपांकडे वळते, कारण मी हे बोलले की दरवेळी तेच चार आक्षेप येतात.

पहिला: फळ यायला फार वर्षं लागतात. आजोबाने लावायचं आणि नातवाने खायचं. ऐकायला छान वाटतं, पण खरं नाही. शेवगा बियांपासून लावला तर वर्षाच्या आत शेंगा देतो. पपई त्याच सुमाराला. हादग्याची फुलं दुसऱ्या वर्षी भाजीला येतात. सीताफळ तीन-चार वर्षांत. आंबा, फणस, जांभूळ यांना साधारण सात ते दहा वर्षं. हापूसच्या कलमापासूनही नीट पीक घ्यायचं तर चार-पाच वर्षं थांबावंच लागतं. म्हणजे फरक चार-पाच वर्षांचा. मी पंचाहत्तरीच्या आसपास आहे आणि निवृत्तीच्या वर्षी रुजवलेल्या फणसाचे गरे गेली सात-आठ वर्षं खाते आहे. साठीत निवृत्त होणाऱ्याने तर हा आक्षेप घेऊच नये. आणि आपला रोजचा नारळ? त्याला कलम कुठे असतं? फळच रुजत घालतो. पोफळीचंही तसंच. सगळं कोकण बियांच्या झाडांवर जगलं आणि तरी आपण म्हणतो बियांचं झाड परवडत नाही.

दुसरा: फळ आंबट, बेचव निघालं तर? निघू शकतं. पण पहिली गोष्ट, आंबट फळ वाया जात नाही, ते वर सांगितलंच. दुसरी, झाड वाया जात नाही. वाढलेल्या झाडाचा शेंडा छाटून नव्या फुटव्यांवर हव्या त्या जातीची काडी बांधता येते. तोवर मूळ खोलवर गेलेलं असतं, कलम जोरात वाढतं. आणि प्रत्येक बियाचं झाड आईहून वेगळं होतं असंही नाही. जांभळाच्या एका बीतून कितीदा दोन-तीन रोपं येतात. किनाऱ्यावरच्या काही आंब्यांच्या बाठ्यातूनही असेच अनेक कोंब फुटतात. त्यातले बरेचसे कोंब परागाशिवाय, निव्वळ आईच्या पेशींपासून झालेले असतात आणि आईसारखंच फळ देतात.

तिसरा आक्षेप कोकमाचा, आणि तो खरा आहे. कोकमात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बी लावलं की साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि ते फुलल्याशिवाय कळत नाही. सहा-सात वर्षं पाणी घालून शेवटी फळ नाही म्हटल्यावर माणूस चिडणारच. त्यावर उपाय असा की कोकमाची रोपं दोन-चार एकत्र लावावीत, नर निघालेल्यांपैकी एक परागासाठी ठेवावा आणि बाकीच्यांवर मादी झाडाची काडी बांधून घ्यावी. पपईचंही तसंच, एका खड्ड्यात तीन रोपं लावून फुलल्यावर नको ती काढायची.

चौथा आक्षेप माकडांचा. यावर माझ्याकडे जादूचं उत्तर नाही. माकडं-वानरं काही ठेवत नाहीत म्हणून आमच्याकडे लोकांनी आगरं सोडून दिली, हे मी रोज बघते. पण त्यांच्या वाट्याची रानातली उंबरं, जांभळं, करवंदं, तोरणं, रायवळ आपणच कमी केले, मग ती पेरूवर आली तर दोष कुणाला द्यायचा? रानाच्या कडेला, व्हाळाच्या काठाला आपण फळझाडं रुजवत राहिलो तर माकडं घराकडे येणार नाहीत असा दावा मी करत नाही. पण आज आहे त्याहून वाईट तर काही होणार नाही.

मंडळी, लावायचं कसं तेही सांगते, अवघड काही नाही.

आंबा, फणस, जांभूळ, कोकम यांच्या बिया डब्यात भरून ठेवायच्या नसतात. त्या सुकल्या की मेल्या. जांभळाची बी आठवड्याभरात मातीत गेली पाहिजे, आठळी पंधरा दिवसांत. बाठा धुऊन एक-दोन दिवस सावलीत ठेवावा, वरचं कडक कवच कडेने अलगद उघडून आतली बी बघावी. आत भुंगा असेल तर टाकून द्यावी. बी चांगली असेल तर तिची फुगीर कड वर ठेवून इंचभर मातीखाली घालावी. आठळी आणि बाठा शक्यतो कायमच्या जागीच रुजवावेत, कारण यांचं सोटमूळ भराभर खाली जातं आणि पिशवीत गुंडाळलं की झाड कायमचं दुबळं राहतं. चिंचोका मात्र वर्षभर टिकतो, रात्रभर पाण्यात ठेवून लावावा. आवळ्याची कठीण बी उन्हात वाळवली की आपोआप तडकते आणि आतून बारीक बिया निघतात, त्या पेरायच्या. सीताफळाची बी आळशी, महिना-दीड महिना दिसत नाही म्हणून कुंडी उलटी करू नका. कढीपत्त्याची पिकून काळी झालेली फळं साल काढून लगेच लावली तर हमखास रुजतात.

बी घ्यायचं ते शक्यतो आपल्या भागातल्या, भरपूर धरणाऱ्या, निरोगी जुन्या झाडाचं. ज्या झाडाखाली गावातली पोरं आधी धावतात ते झाड. पोरांइतका चोखंदळ परीक्षक दुसरा नाही.

जागा नाही असं म्हणणाऱ्यांना सांगते, बागेत जागा नसेल तर बांधाला, गडग्याला, पाणंदीला, शाळेच्या कुंपणाला, देवळामागे असते. शाळेत असताना मी जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एक बी आणायला सांगायची. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, घरची माती, खिळ्याने पाडलेली चार भोकं, बाकी खर्च शून्य. मोठी होण्याआधीच रोपं मुलं घरी नेत. शंभरातली पंधरा-वीस झाडं जगली असतील. कमी वाटतात? पण ती पंधरा-वीस झाडं पंधरा-वीस प्रकारची आहेत.

इथे मला सरकारी वृक्षलागवडीबद्दलही बोलायचं आहे. २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी, २०१९ साली ३३ कोटी झाडांचे संकल्प आपल्या राज्यात झाले. आकडे मोठे होते, हेतूवर मी शंका घेत नाही. पण आपण विचारतो किती लावली. किती जगली हे थोडे जण विचारतात. किती प्रकारची लावली, हे तर कुणीच विचारत नाही. एका शाळेत मी प्रमुख पाहुणी म्हणून गेले तेव्हा सगळे खड्डे गुलमोहराने भरले. फोटो छान आले. त्याच शाळेच्या मागे पडलेल्या जांभळांचा चिखल झाला होता आणि त्यात शेकडो बिया रुजत होत्या. त्या दुसऱ्या दिवशी झाडून काढल्या.

शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही यात भाग घेता येतो. गावच्या आंब्याचे बाठे कुंडीत रुजवा, पावसाळ्यात गावी जाल तेव्हा न्या. गावी जाणं होत नसेल तर जो जातो त्याच्या हाती द्या. आणि गावात घर बंद असेल, वाटणी व्हायची असेल, तर एवढंच करा: सामायिक झाड विकण्याआधी त्याची चार काड्यांची कलमं बांधून घ्या आणि पाटीभर बाठे कुठेतरी रुजवा. पैसे चौघांत वाटून घ्या, हरकत नाही. झाडाचा वंश मात्र त्या व्यवहारात जाऊ देऊ नका. आपल्या बांधावरच्या झाडाचं फळ खरोखरच वेगळं असेल तर २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणीही करता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे.

आमच्या पाणंदीला यंदा नवीन सहा रायवळ कमरेएवढे झाले आहेत. भोवती काट्यांची कुंपणं घातली आहेत, गुरं शेजारच्या वाडीतली असली तरी त्यांना काटे सारखेच टोचतात. सगळे साखऱ्याचे बाठे. पण ते साखरे निघतील असं समजू नका. एखादा गोड, एखादा आंबट, एखादा कसल्या तरी तिसऱ्याच वासाचा. कलमाच्या पिशवीला नावाची चिठ्ठी बांधूनच येते. यांना नाव नाही, ते फळ आल्यावर खाणारी पोरं ठेवतील. ‘बाईंचा आंबट’ असंही ठेवतील एखाद्याला, पोरांचा काय भरवसा!

असो. यंदाच्या हंगामातला एक बाठा टाकू नका, बाजूला काढून ठेवा. बघा, पटतंय का.